वहिनीनं दिला

माझं वजन आमच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर व्हायचं. गेवराईत आमचं भुसार मालाचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर आणि मधे एक लाकडी दार. दर रविवारी सकाळी दुकानाच्या फळ्या काढायच्या आधी आप्पा त्या दारातून मला हाक मारायचे. मी चपला काढून काट्याच्या लोखंडी पाटावर उभी राहायची. आदल्या दिवशी त्यावर तुरीची आणि ज्वारीची पोती चढलेली असायची, त्यांचा भुसा तळपायांना टोचायचा. आप्पा वाकून दांडीवरचं वजन बोटानं हळूहळू पुढं सरकवायचे. गिऱ्हाईकाला माप मोठ्यानं ओरडून सांगायची त्यांना जन्माची सवय होती, पण माझ्या वेळी ते दांडीकडं बघून नुसतं "हं" म्हणायचे आणि लगेच वजन मागं शून्यावर नेऊन ठेवायचे, कुणी नंतर येऊन बघायला नको म्हणून. मला मात्र आकडा दिसलेला असायचा. पहिल्या रविवारी तो चौऱ्याऐंशी होता. मी अठरा वर्षांची होते.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मला विचित्र तहान लागायला लागली होती. रांजणापाशी उभी राहून मी एकामागून एक तांबे रिचवायची, आणि आई म्हणायची, पोरीच्या पोटात विहीर हाय का काय. मांडीवर एक गळू झालं ते महिनाभर भरेना. वर्गात बसल्या जागी डोळे मिटायचे. शेवटी आई मला बीडच्या एका डॉक्टरांकडं घेऊन गेली. ते वयस्कर, मंद बोलणारे गृहस्थ होते. लघवी आणि रक्त तपासून त्यांनी सांगितलं, "मुलीला मधुमेह आहे. या वयात सहसा दिसत नाही, पण वजन फार आहे आणि तुमच्या घराण्यात असणार." आईनं विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे बाहेरच्याला वळखू येतं का?" डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, ओळखू येण्याचा नाही, जेवणाचा प्रश्न आहे." मग त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं. गोळी केव्हा घ्यायची, भाकरी किती, भात किती, साखर-गूळ बंद, रोज सकाळी तासभर चालणं. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, उपाशी राहायचं नाही. हातपाय कापायला लागले, घाम सुटला, तर लगेच गूळ किंवा साखर द्यायची. आईनं तो कागद घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि मला तिचा चेहरा बघायचं धाडस होत नव्हतं.

आज माझ्या दंडावर नाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं असतं. त्यावर मोबाईल धरला की साखरेचा आकडा दिसतो, आणि मी तो नातवंडांच्या समोर बघते. तेव्हा आमच्या घरात साखर हा शब्दसुद्धा आई हळू आवाजात उच्चारायची. शेजारणींना सांगितलं होतं, शैलाला पित्ताचा त्रास हाय, म्हणून पथ्य चालू हाय.

त्या पथ्यात आईनं स्वतःला झोकून दिलं. आमचं घर लिंगायत वाण्याचं, शिवाचं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही. आजाराच्या आधी त्या पूजेनंतर आम्हाला गोड चहा आणि चपाती मिळायची. आता मला बिनसाखरेचा चहा आला. आईनंही स्वतःची साखर सोडली. दुपारी दीड भाकरी. पूर्ण भाकरी ताटात ठेवून ती दुसरीचा सुरीनं कापल्यासारखा अर्धा तुकडा मोडायची आणि उरलेला अर्धा स्वतःच्या ताटात घ्यायची. चुका, तांदुळजा, करडईची भाजी, मटकीची उसळ, पातळ ताक. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची, आमटी मला वाटीभर, पण त्यात भाकरी कुस्करायची नाही, कारण कुस्करली की कळत नाही किती खाल्ली. शेंगदाण्याची चटणी एक चमचा. आईचे हात भाकऱ्या थापताना जो ताल धरायचे तो मला पाठ झाला होता. तीन थापा, एक वळण, पुन्हा तीन थापा. पण माझ्यासाठी थापताना तो ताल बदलायचा, भाकरी लहान व्हायची. मी दुसऱ्या खोलीत बसून कानांनी माझी भाकरी ओळखायची, आणि आईचा राग राग करायची. ती बाई माझ्यासाठी अर्धपोटी राहत होती हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. तरीही रागच यायचा.

दोन महिन्यांत वजन तीन किलो उतरलं. आप्पांच्या "हं" मध्ये थोडा आनंद आला. आणि नेमकी त्याच सुमारास वहिनी बाळंतपणाहून परत आली.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको, सुमन. तिचं माहेर नेकनूरचं, वडील लहानपणीच गेलेले, आई एकटीच शेत करायची. वहिनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, बारीक अंगाची, कमी बोलणारी. दहावी पास झालेली होती आणि आमच्या घरात पेपर पूर्ण वाचणारी तीच एक. तीन महिन्यांचं बाळ घेऊन ती आली तेव्हा तिच्या सामानात एक मोठा पितळी डबा होता. तिच्या आईनं बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू. डिंक, खोबरं, खारीक, खसखस, तूप आणि गूळ. आईनं डब्याचं झाकण उघडून बघितलं आणि मनापासून म्हणाली, "विहीणबाईंनी लई जीव ओतलाय." मग माझ्याकडं बघून झाकण घट्ट लावलं, आणि डबा वहिनीच्या खोलीतल्या फडताळात वरच्या कप्प्यात ठेवला. वहिनीला रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक लाडू, दुधासोबत. तो बाळाचा वाटा होता, असं आई म्हणायची.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. आप्पा आणि भाऊ दुकानातच गादीवर आडवे व्हायचे, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर अंथरून पडायची, वहिनी बाळाला घेऊन निजायची. सगळीकडं पंख्याचं करकरणं आणि लांब हायवेवरच्या ट्रकचा आवाज. पहिल्यांदा मी त्या खोलीत गेले तेव्हा फक्त वास घ्यायला गेले होते, असं मी स्वतःला सांगितलं. झाकण उचललं, आणि एक लाडू उभ्याउभ्याच खाल्ला. चावतानाचा खसखशीचा आवाज होऊ नये म्हणून तोंडात धरून विरघळवला. दुसऱ्या दिवशी दोन. त्यानंतर मी मोजणं सोडलं. वरच्या थरात खड्डा दिसू नये म्हणून बाजूचे लाडू पुन्हा मांडून ठेवायची. परकराच्या खिशात घेऊन न्हाणीत जायची, आणि तिथं ओल्या फरशीवर बसून खायची. दाराबाहेर आई वावरत असायची आणि मी आत तोंड भरून बसलेली. हे लिहिताना अजून माझे कान गरम होतात. भूक होती, हे खरं. पण भुकेसाठी भाकरी मागता आली असती, डॉक्टरांना सांगता आलं असतं. मी एका बाळंतिणीच्या डब्यात हात घालत होते.

वहिनीनं मला आठव्या-दहाव्या दिवशी पकडलं. पकडलं म्हणजे, तिनं फक्त डोळे उघडले. मी फडताळापाशी, हातात लाडू. ती उठून बसली, बाळाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि कुजबुजत म्हणाली, "शैलाताई, झाकण नीट लावा. मुंग्या लागतात."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नका, आत्याबाई उठतील." आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. मग तिनं मला शेजारी बसवलं आणि विचारलं, "डॉक्टरांचा कागद कुठं हाय?" तिनं तो आईकडून मागून घेतला आणि परीक्षेचा अभ्यास करावा तसा वाचला. मला म्हणाली, "मी कुणाला सांगत न्हाई. तुमी खायचं सोडा. एकदम न्हाई सुटलं तर हळूहळू सोडा. सकाळी मी येते तुमच्यासंगं चालायला."

आणि ती आली. बाळाला आईपाशी ठेवून पहाटे आम्ही दोघी हायवेच्या कडेनं चालायचो. गोदावरीकडून वाळू भरलेल्या गाड्या यायच्या, त्यांतून पाणी ठिबकत असायचं, डांबरावर लांबच लांब ओल्या रेघा पडायच्या. वहिनीची तब्येत अजून भरली नव्हती, ती मधेच कंबरेवर हात ठेवून थांबायची, पण परत फिरू या असं कधी म्हणाली नाही. भूक लागली की काय करायचं याच्या तिनं युक्त्या काढल्या होत्या. चार वाजता काकडी, ताकात भिजवलेली मेथी, थोडे फुटाणे. तिच्यासोबत चालताना मला पहिल्यांदा वाटलं की या आजाराचं काही करता येईल. पण दुपार झाली की माझे पाय फडताळाकडं वळायचेच. रोजच्याऐवजी एक दिवसाआड, एवढाच फरक पडला. सकाळी मी तिला सांगायची, काल न्हाई खाल्ला. ती म्हणायची, शाबास. तिला डबा दिसत होता. तरी ती शाबास म्हणायची.

तिसऱ्या महिन्याला बीडला तपासणी झाली. साखर आधीपेक्षा जास्त निघाली. डॉक्टर आईला म्हणाले, "घरात काहीतरी गडबड होतेय." आईचा अपमान झाला. तीन महिने ती भाकरी मोजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दाखवायला म्हणून तिनं माझी गादी ओढली, आणि उशीखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा लाडू अंगणात पडला.

अंगणात आम्ही तिघी होतो. वहिनी बाजेवर बसून बाळाला खांद्यावर घेऊन त्याची पाठ थोपटत होती. भाऊ आवाज ऐकून दारात आला. आईनं लाडू उचलला. तिचा आवाज अगदी हळू होता.

"हे कुठून आलं?"

मी म्हणाले, "वहिनीनं दिला."

मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. अनेक वर्षं मी स्वतःची समजूत याच वाक्यानं घातली. पण ठरवलं नव्हतं म्हणजे काय? जीभ माझीच होती. वहिनीचा बाळाच्या पाठीवरचा हात थांबला, आणि मग पुन्हा थोपटायला लागला.

"लिंगावर हात ठेवून सांग," आई म्हणाली.

मी गळ्यातल्या चांदीच्या लिंगपेटीवर हात ठेवला. ती उन्हात तापली होती. "वहिनीनंच दिला. रोज देती."

आई वहिनीकडं वळली. "सुमन, खरं हाय का हे?"

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी पुढं काही बोलते का याची ती वाट बघत होती. मी बोलले नाही. मग ती म्हणाली, "आत्याबाई, लाडू माझ्या डब्यातला हाय."

"म्हणजे मी भाकरी मोजून वाईट झाले, अन् तू लाड पुरवून चांगली?" आई म्हणाली. "माझ्या पोरीच्या जिवावर उठलीस तू. तुझी पोर असती तर दिला असतास का?" ती आणखी बरंच बोलली. वहिनीच्या आईबद्दलही बोलली. भाऊ दारातच उभा राहिला. दुकानाच्या लाकडी दाराआड आप्पांच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी भाऊ वहिनीला थोड्या दिवसांसाठी म्हणून नेकनूरला सोडून आला. जाताना आईनं तो पितळी डबा तिच्या सामानावर ठेवला. त्यात तळाला थोडा चुरा होता. मी खिडकीतून बघत होते.

नंतर जे झालं ते सांगायला सगळ्यात जड जातं. माझं वजन उतरायला लागलं. वहिनी गेल्यापासून गोड माझ्या घशाखाली उतरेना. न्हाणीत गेलं तरी तोंडात गुळाची चव यायची. मी दीडऐवजी एक भाकरी मागायला लागले. एकटीच चालायला जायची, जास्त वेळ. रविवारी आप्पा दांडीवरचं वजन मागं मागं सरकवायचे. लघवीच्या तपासणीत साखरेमुळं नळीतलं पाणी विटकरी व्हायचं ते हिरवट, आणि मग साखर नसल्यासारखं निळं राहायला लागलं. आईचा चेहरा उजळला. ती शेजारणींना सांगायची, आता पित्ताचं नाव न घेता, "बघा, ती गेली अन् पोरगी सुधारली. दुसरा काय पुरावा पाहिजे?"

माझा प्रत्येक उतरलेला किलो वहिनीच्या विरुद्ध साक्ष देत होता. हे मला कळत होतं. आणि तरी, जुने कपडे सैल झाले, चकलांब्याची मावशी आली आणि "वळखूच आली न्हाईस गं" म्हणाली, तेव्हा मला आनंद झाला. मी आरशात बघायला लागले. एक स्थळही विचारून गेलं. लोक कौतुक करत होते आणि मी ते घेत होते. दहा आठवडे मी असं घेत राहिले. भाऊ महिन्यातून एकदा नेकनूरला जाऊन यायचा आणि आल्यावर माझ्याशी बोलायचा नाही.

त्यानंतरच्या तपासणीला मी एकटी बीडला गेले. आईला आता माझी खात्री वाटत होती. डॉक्टर म्हणाले, "छान. पण फार भरभर उतरतंय. जेवतेस ना?" मी हो म्हणाले. बाहेर येऊन स्टँडवर गेवराईच्या गाडीची वाट बघत होते, तेवढ्यात नेकनूरची गाडी लागली. मी तिच्यात चढले. सकाळी गोळी घेतली होती आणि एक कप चहाशिवाय पोटात काही नव्हतं.

वहिनीचं माहेर गावाच्या टोकाला होतं. पोहोचेपर्यंत माझ्या हातांना कापरं भरलं होतं. मला वाटलं, भीतीनं असेल. दारात वहिनीची आई शेंगा फोडत बसली होती. मला बघून ती गडबडीनं उठली. "ये माय, ये. किती वाळलीस गं. बस." तिनं आत हाक मारली. मग माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "तुला तर गोड चालत न्हाई, सुमननं सांगितलंय. न्हाईतर तुला बी लाडू खायला घातले असते. तिनं समदे संपवले बघ. डब्यात नुसता चुरा उरून आला. मला लई बरं वाटलं, पोरीनं खाल्लं म्हणून. पण एवढं खाऊन दूध कावून आटलं, तेच कळंना मला."

म्हणजे वहिनीनं आपल्या आईला काहीच सांगितलं नव्हतं. आराम करायला आले, एवढंच सांगितलं होतं. कोपऱ्यात वाटी आणि चमचा होता. बाळाला शेळीचं दूध पाजत होते. मला घाम सुटला, डोळ्यांपुढं सगळं पांढरं झालं आणि मी भिंतीला टेकले.

वहिनी बाहेर आली तेव्हा तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं आणि परत आत गेली. आली ती हातात गुळाचा खडा घेऊन. "तोंड उघडा," ती म्हणाली. मी मान हलवली. "शैलाताई, साखर उतरलीय तुमची. कागदावर लिहिलेलं हाय. आता हे खायचंच असतं." तिनं खडा माझ्या तोंडात घातला आणि विरघळेपर्यंत समोर उभी राहिली. मग अर्धी भाकरी आणि दही आणून दिलं. थोड्या वेळानं हात थांबले. तिची आई बाळाला घेऊन शेजारी गेली, तेव्हा मी बोलले. सगळं बोलले. पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले.

"मला हे माहीतच हाय," ती म्हणाली. "हे मला कशाला सांगता? आत्याबाईंना सांगितलं का?"

"न्हाई."

"तुमच्या भावाला?"

"न्हाई."

"मग इथं कशाला आलात?"

मी तिला विचारलं, 'मी दिला न्हाई' असं तुमी तेव्हाच कावून म्हणाला नाहीत? ती शेंगांची टोपली पुढं ओढून टरफलं वेगळी करायला लागली. म्हणाली, "तुमी लिंगावर हात ठेवला होता. मी न्हाई म्हणले असते तर लिंगाची खोटी शपथ घेणारी म्हणून तुमचं नाव झालं असतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी सांगाल. गाडीत बसेपर्यंत वाट बघितली. इथं येऊन बी आठ दिवस बघितली." मग थोडं थांबून, "पुढं सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले असताना मी सांगितलं. आई माझ्या ताटात भाकरी वाढत होती. मी म्हणाले, "आई, लाडू मीच चोरून खाल्ले. वहिनीनं एकदाबी दिला न्हाई."

आईचा हात तसाच राहिला. "काल बीडवरून उशिरा आलीस. नेकनूरला गेलतीस?"

"हो."

"मग आलं ध्यानात," आई म्हणाली. "पढवून पाठवलंय तुला."

"न्हाई आई. खरंच मी—"

"लिंगावर हात ठेवला होतास तू. मग खोटं तेव्हा बोललीस का आत्ता?"

"तेव्हा."

"अन् ती गेल्यावर वजन उतरलं, ते?"

मी काय सांगणार होते? की लाजेनं उतरलं? मी सांगितलं तसं. आई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर ते कुठं टेकत नव्हतं. मला वाटलं होतं की खरं बोलायची हिंमत गोळा करणं तेवढंच अवघड असतं, एकदा बोललं की पुढं सगळं आपोआप होतं. पण माझं खोटं त्या घरात अडीच महिने राहिलं होतं, त्याला आता पुरावे होते, साक्षीदार होते. खरं मात्र नुकतंच आलं होतं आणि त्याला कुणी ओळखत नव्हतं.

भाऊ ताटावरून उठून गेला. आप्पांनी मात्र जेवण पूर्ण केलं. त्यांच्या रीतीप्रमाणं ताटात पाणी घालून, बोटानं ताट निपटून, ते पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले, "उद्या सूनबाईला आणायला मी जातो."

"तुमी कशाला?" आई म्हणाली. "पोराला धाडा."

"मीच जायला पाहिजे. त्या दिवशी दाराआड मी समदं ऐकत बसलो होतो." ते माझ्याकडं न बघता बोलत होते. "पोरगी खोटं बोलतीय हे मला आवाजावरून कळलं होतं. जन्म गेला माणसांचे आवाज ऐकण्यात. पण तिचं लग्न व्हायचंय, म्हणून गप बसलो."

आईनं माझ्या ताटात दीड भाकरी वाढली आणि म्हणाली, "जेव. गोळी घेतलीस ना?"

वहिनी आप्पांबरोबर परत आली. आईनं दारातच बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याला कडेवर घेतलं आणि वहिनीला म्हणाली, "चहा टाक." एवढंच. माफी कुणी मागितली नाही आणि झालेलं कुणी उगाळलं नाही. वहिनी घरात होती तशीच झाली. उलट माझं पथ्य हळूहळू तिनंच हातात घेतलं. दुपारची दीड भाकरी, चारची काकडी, गोळीची वेळ, सगळं घड्याळासारखं. एकदाही चूक नाही आणि एकदाही टोमणा नाही. पण सकाळी चालायला ती पुन्हा कधी आली नाही. बाळाचं कारण होतं, मग दुसऱ्या बाळाचं. मी विचारणंही बंद केलं. माझं वजन त्यानंतर दोन वर्षांत सावकाश अडुसष्टवर आलं आणि बऱ्यापैकी तिथंच राहिलं. लग्नाच्या वेळी आप्पांनी हट्टानं प्रत्येक स्थळाला आजार आधी सांगितला. चार स्थळं परत गेली, पाचवं गेलं नाही.

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिनं माझं त्या दिवशीचं बोलणं खरं मानलं की नाही, ते मला कळलं नाही. मागच्या महिन्यात गेवराईला गेले होते तेव्हा हे लिहिलेलं सगळं वहिनीला वाचून दाखवलं. तिची साठी उलटून गेलीय. चष्मा लावून, हातातलं निवडण बाजूला ठेवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

मग म्हणाली, "आत्याबाईंचं असं लिहू नका. त्या बी लई भ्याल्या होत्या. पोरीची जात, अन् तो आजार. त्यांनी तरी काय करावं?"

मी म्हणाले, बरं, त्या दोन ओळी सौम्य करते. ती हो म्हणाली आणि निवडण पुन्हा पुढं ओढलं. माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.